चालत्या कंटेनरची दुरुस्ती आतून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्ह्यातल्या पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने, उद्यमनगर आणि शिरोलीतले लहानमोठे उद्योग यांची रोजची कामं ज्या अॅप्सवर चालतात, त्यातली बरीचशी आता संस्थेच्या कार्यालयात नसतात. मुंबई, पुणे किंवा हैदराबादच्या डेटा सेंटरमध्ये कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यात ती चालतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडतं, रस्ते बंद होतात, तेव्हाही दुधाची नोंद आणि ठेवीचं व्याज चुकत नाही, हा त्याचा खरा फायदा आहे. पण अॅप अडलं की कुणीतरी घरबसल्या काळ्या स्क्रीनवर कमांड मारून त्या कप्प्यात शिरतं. या शिरण्याबद्दलच हे पत्र आहे. ते बघण्यासाठी असावं, दुरुस्तीसाठी नाही, हे कळकळीने सांगायचं आहे. संस्थांच्या संचालकांनी हे वाचावं, आणि त्याहून अधिक, या कामात नव्याने पडणाऱ्या मुलामुलींनी.

कोल्हापूरकराला हे समजायला फाउंड्रीपलीकडे जायची गरज नाही. एका पॅटर्नवरून हजारो कास्टिंग निघतात. पॅटर्नमध्येच खोट असेल तर कुणी शहाणा माणूस प्रत्येक कास्टिंग ग्राइंडरवर घासत बसत नाही, तो पॅटर्न दुरुस्त करतो. कंटेनरचंही तसंच आहे. इमेज, म्हणजे अॅपचा तयार साचा, हा पॅटर्न, चालू कंटेनर हे कास्टिंग. आत शिरून एखादी फाइल बदलली तर तो बदल फक्त त्या कंटेनरच्या वरच्या, तात्पुरत्या थरात राहतो. कंटेनर नव्याने उभा राहिला की तो थर जातो, बदलही जातो. शिवाय अॅपच्या तीन प्रती चालू असतील आणि दुरुस्ती एकीतच केली असेल, तर साधारण तीनातल्या एका ग्राहकाला अॅप नीट दिसतं आणि दोघांना बिघडलेलं. मग ‘माझ्याकडे तर चालतंय’ हा वाद सुरू होतो, तो दिवसभर मिटत नाही.

आता कामाचं बोलू. लहान संस्थांकडे बहुतेक वेळा एकच भाड्याचा सर्व्हर आणि त्यावर कंटेनर चालवणारा डॉकर असतो. तिथे ‘डॉकर एक्झेक’ ही कमांड. हे लॉगिन नव्हे. चालू कंटेनरच्या हद्दीत एक नवी प्रोसेस, म्हणजे नवा चालू प्रोग्राम, सुरू होते, इतकंच. तिच्यासोबत ‘आय’ आणि ‘टी’ ही दोन अक्षरं लावतात. ‘आय’ने कीबोर्डचं टंकलेलं आत पोचतं, ‘टी’ने टर्मिनल मिळतं. ‘आय’ विसरलात तर शेलचा (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा) प्रॉम्प्ट, म्हणजे कमांडची वाट बघणारी खूण, दिसतो पण टंकलेलं आत पोचत नाही, ‘टी’ विसरलात तर प्रॉम्प्टच दिसत नाही. उलट हीच कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनात) किंवा स्क्रिप्टमध्ये टाकताना ‘टी’ काढावाच लागतो, नाहीतर ‘इनपुट डिव्हाइस टीटीवाय (टर्मिनल) नाही’ म्हणून रात्रीचा बॅकअप अडतो. ‘डॉकर कंपोज एक्झेक’ मात्र टर्मिनल स्वतःहून देतं, तिथे स्क्रिप्टसाठी मोठा ‘टी’ लावून ते बंद करायचं. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर बनवलेल्या इमेजमध्ये सहसा बॅश ही शेल नसते. ‘एक्झिक्युटेबल फाइल नॉट फाउंड’ आलं की सर्व्हर बिघडला असं समजू नका, बॅशऐवजी साधी ‘एसएच’ मागा.

‘अटॅच’ ही कमांड नव्या मुलांनी टाळलेली बरी. ती नवी शेल देत नाही, थेट मुख्य प्रोसेसला जोडते. बाहेर पडायला सवयीने कंट्रोल-सी दाबलं की तो इशारा अॅपलाच जातो आणि अॅप बंद पडतं. सुटायचंच असेल तर कंट्रोल-पी आणि मग कंट्रोल-क्यू. पण हा क्रम संबंधित कंटेनर आय आणि टी लावून सुरू केलेला असेल तरच चालतो.

दूरच्या डॉकरपर्यंत पोचायला काही जण सर्व्हरचं २३७५ पोर्ट, म्हणजे त्या क्रमांकाचा जोडणीचा दरवाजा, उघडं टाकतात. हे कुणीही करू नये. त्या पोर्टवर पासवर्ड नसतो, आणि डॉकरचा ताबा म्हणजे अख्ख्या सर्व्हरचा रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकार. डॉकरच्या १८.०९ आवृत्तीपासून एसएसएचवरूनच (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीवरूनच) दूरचा डॉकर वापरता येतो. डॉकर होस्टच्या जागी एसएसएचचा पत्ता द्यायचा, कमांड लॅपटॉपवरून नेहमीसारख्या मारायच्या, जादा पोर्ट एकही लागत नाही. कंटेनरच्या आत स्वतंत्र एसएसएच सर्व्हर बसवणं हीसुद्धा जुनी खोड आहे. त्याने किल्ल्या इमेजमध्ये जातात, आणि इमेज ज्याच्या ज्याच्या हाती पडते त्याच्या हाती किल्ली पडते.

अॅप कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक सर्व्हरवरचे कंटेनर एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर, असेल तर तिच्या ‘कुबेक्टल’ या साधनाची ‘कुबेक्टल एक्झेक’ ही कमांड. लॅपटॉपवरून निघालेली विनंती आधी एपीआय सर्व्हरकडे, म्हणजे कुबरनेटीसच्या मुख्य दाराशी, जाते, तो अधिकार तपासतो, मग ती कंटेनर ज्या सर्व्हरवर आहे त्या नोडवरच्या कुबेलेट या प्रोग्रामकडे १०२५० पोर्टवर आणि तिथून कंटेनरमध्ये. ही साखळी पाठ असली की बिघाड कुठे आहे ते लवकर उमगतं. ‘फॉर्बिडन’ आलं तर प्रश्न अधिकाराचा. ‘डायल’ करताना वेळ संपली असं येऊन शेवटी १०२५० दिसलं तर एपीआय सर्व्हर आणि नोड यांच्यामधल्या फायरवॉलचा. पॉडची (एकत्र चालणाऱ्या एक-दोन कंटेनरच्या गटांची) यादी दिसते, पण लॉगही (अॅपच्या नोंदीही) दिसत नाहीत आणि एक्झेकही होत नाही, अशी तक्रार आली की आधी इथेच बघा.

कमांड मारण्यापूर्वी एकच सवय: ‘कुबेक्टल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट’. आपण चाचणीच्या क्लस्टरवर (सर्व्हरच्या समूहावर) आहोत की खऱ्या, हे डोळ्यांनी बघायचं. दोन खिडक्या सारख्याच काळ्या दिसतात. ज्यांना रोजचं काम आहे त्यांनी कॉन्टेक्स्टचं नाव प्रॉम्प्टमध्येच लावून घ्यावं आणि खऱ्या क्लस्टरसाठी लाल रंग ठेवावा.

त्यानंतर नेमस्पेस (क्लस्टरमधला विभाग), पॉडचं नाव, आणि पॉडमध्ये एकाहून जास्त कंटेनर असतील तर ‘सी’ लावून कंटेनरचं नाव. हे राहिलं तर कुबेक्टल सहसा पहिला कंटेनर निवडतं. तो लॉग गोळा करणारा जोडकंटेनर निघाला की माणूस तिथे अॅपच्या फाइली शोधत बसतो. कमांडच्या आधी दोन आडव्या रेघा हव्यातच, म्हणजे पुढचं सगळं आतल्या कमांडचं आहे हे कुबेक्टलला कळतं.

आणि इथेच सगळ्यात फसवी चूक होते. डॉलर चिन्हाचे व्हेरिएबल, तारका, पाइप, ‘मोठं आहे’चं चिन्ह हे सगळं आधी तुमच्या लॅपटॉपची शेल वाचते, कंटेनर नंतर. आतल्या ‘होम’ची किंमत बघायची म्हणून कमांड मारली तर उत्तर येतं लॅपटॉपच्या होमचं. आतल्या लॉगमधल्या ओळी फाइलमध्ये घ्यायच्या म्हटलं तर फाइल लॅपटॉपवर तयार होते. ते हवं असेल तर ठीकच. तारका लावून फाइली पुसायची कमांड दिली तर ती तारका लॅपटॉपवरच्या फाइलींच्या नावांनी भरून आत जाते. हे टाळायला ‘एसएच -सी’ आणि पुढची पूर्ण ओळ एकेरी अवतरणात. दुहेरी नाही, एकेरी. दुहेरी अवतरणात डॉलर बाहेरच उलगडतो.

इतर सेवांवर दरवाजा वेगळा असला तरी खोली तीच. क्लाउड फाउंड्री या अॅप्स चालवणाऱ्या सेवेवर ‘सीएफ एसएसएच’ आहे. प्रतींची मोजणी शून्यापासून होते, म्हणून ‘आय’पुढे १ म्हणजे दुसरी प्रत. अॅपवर आणि स्पेसवर (अॅप ज्या विभागात आहे त्यावर), दोन्हीकडे एसएसएचला परवानगी लागते, आणि अॅपवर ती दिल्यावर अॅप रीस्टार्ट करावं लागतं. जोडणी सहसा २२२२ पोर्टवर होते. ते ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या फायरवॉलवर बंद असलं की तासन्‌तास वाया जातात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लागलं आणि ऑफिसच्या नेटवरून नाही, तर कारण तिथेच आहे. हेरोकूवर ‘रन बॅश’ आणि ‘पीएस एक्झेक’ यांत गल्लत होते. पहिल्याने वेगळा तात्पुरता डायनो (हेरोकूचा कंटेनर) उभा राहतो, चालू अॅपमध्ये काय बिघडलंय ते तिथे दिसणारच नाही. दुसऱ्याने चालू डायनोत जाता येतं.

अॅमेझॉनच्या ईसीएस या कंटेनर सेवेवर चालू कंटेनरमध्ये शिरायची सोय मार्च २०२१मध्ये आली आणि तिथेच मुलं सर्वाधिक अडतात. लॅपटॉपवर सेशन मॅनेजरचं प्लगइन हवं. सर्व्हिसवर ‘एनेबल एक्झिक्युट कमांड’ चालू करून नवी डिप्लॉयमेंट सक्तीने करावी लागते, आधीपासून चालू असलेल्या टास्कना (ईसीएसवरच्या अॅपच्या प्रतींना) ही सोय मिळत नाही. फारगेटवर (सर्व्हर अॅमेझॉनच सांभाळतं त्या प्रकारात) लिनक्स असेल तर प्लॅटफॉर्म आवृत्ती १.४.० किंवा त्यापुढची. परवानग्या चार, सगळ्या ‘एसएसएम मेसेजेस’च्या: कंट्रोल चॅनेल आणि डेटा चॅनेल बनवणं, आणि दोन्ही उघडणं. या टास्क रोलला, म्हणजे अॅपच्या स्वतःच्या अधिकारांना, द्यायच्या असतात. लोक त्या टास्क एक्झिक्युशन रोलला देतात, नावं सारखी असल्याने. कंटेनरची रूट फाइल सिस्टिम फक्त-वाचा ठेवली असेल तर ही सोय चालत नाही, कारण आतल्या एजंटला फाइली लिहायच्या असतात. आत गेल्यावर कमांड रूट म्हणून चालतात, अॅप साध्या युजरने चालत असलं तरी. हे लक्षात न ठेवता तयार केलेली फाइल मग अॅपला लिहिता येत नाही आणि नवीनच बिघाड जन्माला येतो. २० मिनिटं काही टंकलं नाही तर सेशन आपोआप तुटतं.

आत गेल्यावर काय बिघडतं, त्याकडे जरा सविस्तर बघायला हवं.

पहिली गोष्ट मेमरी. तुमची शेल आणि तिच्यातून चालवलेलं सगळं त्याच कंटेनरच्या मर्यादेत मोजलं जातं. समजा मर्यादा ५१२ एमबीची आहे आणि अॅप ४३० वापरतंय. तुम्ही आत जाऊन अॅपचं कन्सोल उघडलं, त्याने १५० घेतले. बेरीज मर्यादेबाहेर गेली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कुठली तरी प्रोसेस मारतं, आणि बहुतेक वेळा ती अॅपचीच असते, कारण तीच सर्वांत मोठी. बाहेर एक्झिट कोड दिसतो १३७. म्हणजे १२८ अधिक ९, ९ हा किलचा सिग्नल. १४३ दिसला तर १२८ अधिक १५, म्हणजे कुणीतरी रीतसर थांबायला सांगितलं होतं. हे दोन आकडे ओळखता आले तरी अर्धी धावपळ वाचते. जड तपासणी करायची तर चालू कंटेनरमध्ये नको, वेगळी प्रत काढून तिच्यात करावी.

दुसरी गोष्ट वेळ. बहुतेक कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपलं त्याच्या साडेपाच तास पुढे. पतसंस्थेचा दिवस रात्री १२ वाजता बदलतो, तो लॉगमध्ये दिसतो १८:३०ला. रात्रीच्या व्याजाच्या हिशोबात गडबड झाली म्हणून कुणी लॉगमध्ये ००:०० शोधत बसलं, तर तिथे सकाळच्या साडेपाचच्या नोंदी मिळतात, त्यात बिघाड नसतो, आणि ‘लॉगमध्ये काही नाही’ असा निष्कर्ष निघतो. आत शिरल्यावर पहिली कमांड ‘डेट’ असावी.

तिसरी मराठीची. आत सभासदांची नावं किंवा देवनागरी नावाच्या फाइली बघितल्या की प्रश्नचिन्हं नाहीतर तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात. डेटा खराब झाला म्हणून बॅकअप परत चढवायची घाई करू नका. शेलचा लोकॅल (भाषेची सेटिंग) पोझिक्स असतो, तिला यूटीएफ-८, म्हणजे देवनागरी ज्यात साठवतात ती पद्धत, कळत नाही, एवढंच बहुधा घडलेलं असतं. ‘लँग’ला ‘सी.यूटीएफ-८’ द्या आणि परत बघा. चांगला डेटा न बघता पुसला जाणं याहून वाईट काही नाही.

एन्व्हायर्नमेंटचंही, म्हणजे अॅपला सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंगचंही, असंच. सुरुवातीच्या स्क्रिप्टने जे व्हेरिएबल नंतर बसवले, ते एक्झेकच्या शेलमध्ये नसतात. अॅपला प्रत्यक्ष काय मिळालं ते बघायचं तर प्रॉक फोल्डरातल्या १ क्रमांकाच्या प्रोसेसची ‘एन्व्हायरॉन’ फाइल वाचावी. तीत पासवर्ड उघडे असतात, म्हणून त्या वेळी स्क्रीन शेअर चालू नसावी.

लांबलचक काम एक्झेकमधून कधीही चालवू नये. डेटाबेसची उलथापालथ पाऊण तास चालणार आहे, आणि पावसात लाइट गेली, राउटर बंद झाला. आत सुरू केलेलं काम कधी अर्ध्यात मरतं, कधी कुणाच्याही हाती न राहता चालूच राहतं. माणूस परत जोडणी करून तेच काम दुसऱ्यांदा सुरू करतो आणि एकाच तक्त्यावर दोघे लिहू लागतात. अशा कामाला कुबरनेटीसवर जॉब आहे, क्लाउड फाउंड्रीवर आणि ईसीएसवर ‘रन-टास्क’ आहे, हेरोकूवर ‘रन’चाच डिटॅच्ड प्रकार आहे. ती कामं तुमच्या नेटवर अवलंबून नसतात.

कंटेनर उभाच राहत नसेल तर एक्झेकचा उपयोग नाही, चालू प्रोसेसच नसते. कुबरनेटीस १० सेकंद, २०, ४० असं थांबत थांबत पाच मिनिटांपर्यंत अंतर वाढवत तो परत उठवत राहतं. त्या मधल्या दोन-चार सेकंदांत शिरायची शर्यत लावू नका. ‘लॉग्ज’ला ‘प्रीव्हियस’ लावा, मागच्या मेलेल्या कंटेनरचं शेवटचं बोलणं मिळतं. ‘डिस्क्राइब’मध्ये एक्झिट कोड मिळतो. तरीही कळलं नाही तर ‘कुबेक्टल डीबग’ने पॉडची प्रत काढून तिची सुरुवातीची कमांड बदलून शेल ठेवा. याच डीबगने, ज्या इमेजमध्ये शेलच नाही त्या पॉडलाही बाजूला तात्पुरता कंटेनर जोडता येतो. ही सोय ऑगस्ट २०२२च्या १.२५ आवृत्तीपासून पक्की झाली आहे. ‘टार्गेट’ लावलं तर अॅपच्या प्रोसेस दिसतात, आणि प्रॉकमधल्या १ क्रमांकाच्या ‘रूट’मधून अॅपच्या फाइलीही. तिथे परवानगी नाकारली गेली तर तुमचा युजर आणि अॅपचा युजर वेगळे आहेत. जोडलेला तात्पुरता कंटेनर पॉड जाईपर्यंत यादीतून काढता येत नाही. हा मार्ग असताना चालू कंटेनरमध्ये कर्ल, व्हीआय वगैरे बसवत बसण्याचं कारण उरत नाही.

डेटाबेसमध्ये डोकावायला पोर्ट-फॉरवर्ड आहे. लॅपटॉपचं १५४३२ पोर्ट आतल्या ५४३२ला जोडलं की पोस्टग्रेस डेटाबेसचं नेहमीचं साधन चालतं. सर्व्हिसचं नाव दिलं तरी जोडणी एकाच पॉडला होते, तो गेला की तुटते. ते आपोआप फक्त तुमच्याच लॅपटॉपवर उघडतं, ते तसंच राहू द्या. पत्ता चार शून्यांचा केला तर त्या वायफायवरच्या कुणालाही डेटाबेसचा दरवाजा दिसतो.

संचालकांनी लक्ष घालावं ते इथे. एक्झेकचा अधिकार म्हणजे अॅपला जे जे मिळतं ते सगळं मिळणं: डेटाबेसचा पासवर्ड, सर्व्हिस अकाउंटचं टोकन, सभासदांची माहिती. कुबरनेटीसमध्ये हा ‘पॉड्स/एक्झेक’ नावाचा वेगळा अधिकार आहे, सरसकट द्यायची गरज नाही. ‘कुबेक्टल ऑथ कॅन-आय’ने कुणाला आहे ते तपासता येतं. क्लस्टरची कॉन्फिग फाइल व्हॉट्सअॅपवरून पाठवली जाते, ते आजच बंद करा. तिच्यातलं क्लायंट सर्टिफिकेट कुबरनेटीसला रद्द करता येत नाही, आणि कुबेअॅडम या क्लस्टर उभारणाऱ्या साधनाचं सर्टिफिकेट वर्षभर चालतं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर ती किल्ली वर्षभर चालू राहते. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं, थोड्या वेळाचं टोकन द्या.

नोंदीचंही बघा. कुबरनेटीसच्या ऑडिट लॉगमध्ये कोण, कधी, कुठल्या पॉडमध्ये, कुठली कमांड घेऊन शिरलं ते येतं. शेल उघडल्यावर आत काय टंकलं ते येत नाही, आणि हा लॉग आपोआप चालू असतोच असं नाही. ईसीएसवर आतलं टंकलेलंही अॅमेझॉनच्याच क्लाउडवॉचमध्ये किंवा एस-३मध्ये साठवता येतं, त्यासाठी इमेजमध्ये ‘स्क्रिप्ट’ आणि ‘कॅट’ ही साधनं असायला हवीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. सॉफ्टवेअर घेताना वेंडरला तीन गोष्टी लेखी विचारा: चालू कंटेनरमध्ये कोण कोण शिरू शकतं, त्याची नोंद कुठे आणि किती दिवस राहते, आणि आत सापडलेला दोष इमेजमध्ये दुरुस्त करून परत चढवायला किती वेळ लागतो. तिसऱ्याचं उत्तर दिवसांत आलं, तर ते लोक आत शिरून ठोकठाक करत असणार.

कॉलेजांना एक विनंती. या विषयाचा सराव महागड्या क्लाउड खात्याशिवाय होतो. मिनिक्यूबला (एकाच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या छोट्या कुबरनेटीसला) २ सीपीयू, २ जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी डिस्क पुरते, ती प्रयोगशाळेतल्या साध्या कॉम्प्युटरवरही असते. मुलांना ६४ एमबी मर्यादेचा पॉड द्यावा, तो मुद्दाम मेमरी खाऊन मरेल असा. एक पॉड शेल नसलेला द्यावा, एक दोन कंटेनरचा, एका पॉडवर मुलांना एक्झेकचा अधिकारच नसावा. चारही ठिकाणी नक्की काय झालं ते मुलांनी आत एकही फाइल न बदलता शोधून काढावं आणि दुरुस्ती डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या कृतीत) किंवा यामलमध्ये (पॉडच्या सेटिंगच्या फाइलीत) करून पॉड परत उभा करावा. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये हे बसतं.

आपले,
क्लाउडवरची अॅप्स सांभाळणारे काही तंत्रज्ञ,
राजारामपुरी, कोल्हापूर